नाक पुसून बाजारात नेलेली शेळी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 दिवसभराची कामं उरकून, चुलीवर आधण ठेवून रेडिओजवळ बसला असाल असं धरून चालते. ज्यांच्या गटाची आज बैठक आहे त्यांनी रेडिओ जरा मधोमध ठेवा. लिहिता येणाऱ्या एकीनं वही-पेन घ्या. आज दोन-चार आकडे आणि एक फोन नंबर लिहून घ्यायचा आहे.

मी पशुसखी आहे. माझ्या गावात आणि शेजारच्या दोन वाड्यांवर शेरडांना जंताचं औषध पाजणं, लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांच्या हाताखाली काम करणं, कुणाकडं किती शेरडं आहेत याची नोंद ठेवणं, हे माझं काम. पण आज जे सांगणार आहे ते मी पशुसखी होण्याच्या आधीचं आहे. ते चारचौघींत सांगायला मला बरीच वर्षं लागली.

तेव्हा माझ्याकडं चार शेळ्या, एक बोकड आणि चार करडं होती. गटातून कर्ज काढलं होतं, त्यातून अजून एक शेळी घ्यायची ठरली. गुरुवारच्या बाजारात एक काळी, उस्मानाबादी वळणाची शेळी स्वस्तात मिळाली. स्वस्त का, हे मी विचारलं नाही. घरी आणली, कुंकू लावलं आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांच्या दावणीला बांधली.

शनिवारी तिचं नाक गळायला लागलं. थंडीचे दिवस होते, म्हटलं सर्दी असेल. गूळ-सुंठ चारली. मंगळवारी ती हगवणीनं लोळायला लागली आणि पुढच्या गुरुवारी मेली. तोवर दोन करडांची अंगं तापली होती. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, कुणी सांगितलं ते पाले चारले, उतारासुद्धा टाकला. डॉक्टरांना मात्र बोलावलं नाही. आठ-दहा दिवसांत चारही करडं गेली. एका गाभण शेळीनं गाभ टाकला, मागोमाग तीही गेली.

उरल्या तीन शेळ्या आणि बोकड. त्यातल्या दोन शेळ्यांना ताप होता, पण अजून पायावर उभ्या होत्या. गल्लीतलं कुणीतरी म्हणालं, "उभ्या आहेत तोवर मोकळी हो." गटाचा हप्ता चार दिवसांवर आला होता. गुरुवारी पहाटे मी त्या दोघींना घेऊन बाजाराला निघाले. निघायच्या आधी ओल्या फडक्यानं दोघींची नाकं पुसली, डोळ्यांतली चिपडं काढली, मागचे पाय धुतले. बाजारात एक बाई आली, तिनं दोन्ही घेतल्या. आलेल्या पैशातून मी हप्ता भरला.

त्या दोन शेळ्यांचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते. आधी हा रोग काय आहे ते नीट समजून घेऊ.

या रोगाला डॉक्टर पीपीआर म्हणतात. आपल्याकडं कुणी शेळ्यांची बुळकांडी म्हणतं, कुणी शेळ्यांचा प्लेग. हा विषाणूचा रोग आहे. माणसातला गोवर आणि गाई-बैलांची जुनी बुळकांडी यांचे विषाणू याच घराण्यातले. पण पीपीआर माणसाला होत नाही, त्यामुळं आजारी शेळीची सेवा करताना स्वतःला हा रोग होईल म्हणून घाबरू नका. हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला १९४२ साली, आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट या देशात. भारतात तो प्रथम नोंदला गेला १९८७ साली, तमिळनाडूत, मेंढ्यांमध्ये. आता तो देशभर माहीत आहे. म्हणजे ही कुणाची नजर नाही, करणी नाही आणि देवीचा कोपही नाही. देवीला नारळ जरूर फोडा, पण फोन आधी डॉक्टरांना करा.

आता लक्षणं. ही दिवसाच्या हिशोबानं लक्षात ठेवा.

लागण झाल्यावर साधारण चार ते सहा दिवस जनावर वरून ठणठणीत दिसतं. कधी दोन दिवस, कधी दहा. म्हणून बाजारातून आणलेली शेळी "चांगली तर होती" असं आपण म्हणतो.

मग एकदम ताप चढतो. निरोगी शेळीचं तापमान साधारण १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असतं, या रोगात ते १०४ ते १०६ पर्यंत जातं. शेळी मान टाकून उभी राहते, रवंथ थांबतो, केस उभे राहतात, पाल्याला तोंड लावत नाही. नाकातून आणि डोळ्यांतून पाणी येतं. हे पाणी आधी पातळ असतं, दोन-तीन दिवसांत ते घट्ट आणि पिवळं होतं. नाकपुड्या चिकटतात, पापण्या चिकटतात, श्वास घ्यायला त्रास होतो.

त्यानंतर तोंड येतं. खालच्या हिरड्या, ओठांची आतली बाजू, जीभ, टाळू लाल होतात. त्यावर पांढरट थर चढतो, कोंडा चिकटल्यासारखा. तोंडाला घाण वास येतो. पुष्कळदा हा वासच आपल्याला आधी कळतो. जनावराला भूक असते पण चावता येत नाही.

पुढं हगवण लागते, पाण्यासारखी, कधी रक्ताचा अंश असतो. खोकला येतो, छाती भरते. गाभण शेळी गाभ टाकते. अंगातलं पाणी संपून नाहीतर छाती भरून, आजार सुरू झाल्यापासून पाच ते दहा दिवसांत जनावर जातं. चार महिने ते वर्षभराच्या करडांना हा रोग फार लवकर धरतो. ज्या कळपाला कधी लस मिळालेली नाही, तिथं निम्म्याहून जास्त शेरडं दगावू शकतात. मेंढ्यांनाही हा रोग होतो, पण सहसा शेळ्यांना तो जास्त जड जातो.

आता एक घोटाळा पुष्कळ जणी करतात. तोंडाला काही झालं की "मावा आला" म्हणून मोकळ्या होतात. तर फरक ऐका. माव्यात ओठांवर बाहेरून खपल्या धरतात, जनावर सहसा हगत नाही आणि मरणारी थोडी. मावा माणसाच्या हातालाही होऊ शकतो, म्हणून त्याच्या खपल्यांना उघडा हात लावू नये. लाळ-खुरकुतीत तोंडाबरोबर खुरांच्या बेचक्यात फोड येतात, जनावर लंगडतं. आंत्रविषारात चांगलं खातं-पितं जनावर अचानक आडवं होतं, आजारपण दिसायला वेळच मिळत नाही. आणि नाक गळणं, तोंड येणं, हगवण लागणं ही तिन्ही एकत्र दिसली, एकामागून एक जनावरं पडायला लागली, तर पीपीआरची शंका घ्या. नक्की काय ते डॉक्टर ठरवतील, गरज पडली तर ते नमुने तपासायला पाठवतील. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग याच कामासाठी आहे. आपलं काम एवढंच, की शंका पहिल्याच दिवशी कळवायची.

हा रोग पसरतो कसा? आजारी शेळी शिंकते, खोकते, तिच्या नाकातोंडाचं पाणी आणि लेंड्या-हगवण दुसरीच्या अंगावर, चाऱ्यावर, पाण्यात जाते. एका गव्हाणीत खाल्लं, एका हौदावर पाणी प्यायलं, एका झाडाखाली दुपारी बसल्या, की झालं. बाजार, जत्रा, एका टेंपोत भरलेली दहा घरची शेरडं, फळवायला आणलेला दुसऱ्याचा बोकड, या सगळ्या वाटा आहेत. दिवाळीनंतर चाऱ्यासाठी बाहेर पडणारे मेंढरांचे कळपही गावोगाव जातात. पण त्या मेंढपाळांना दोष देऊ नका. वाटेत रोग गाठला तर आधी त्यांचंच घर बुडतं. त्यांच्या मेंढरांना लस मिळाली आहे का, हे आपुलकीनं विचारा आणि मिळाली नसेल तर डॉक्टरांची गाठ घालून द्या.

यात एक चांगली गोष्ट आहे. हा विषाणू अंगाबाहेर फार काळ जगत नाही. ऊन लागलं, जागा कोरडी झाली, की लवकर मरतो. आणि जी शेळी या रोगातून पूर्ण बरी झाली, तिला पुढं सहसा जन्मभर हा रोग होत नाही, ती वर्षानुवर्षं रोग पसरवतही नाही. म्हणजे रोग पुढं जाण्यासाठी त्याला सारखी नवी शेळी लागते. ती नवी शेळी त्याला मिळू दिली नाही, तर तो जागच्या जागी संपतो. आपण जे काही करायचं ते यासाठी.

आता शंका आली तर काय करायचं, ते क्रमानं लिहून घ्या.

पहिलं, फोन. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नाहीतर १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा, हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे. पुन्हा सांगते, एक नऊ सहा दोन. फोन करताना किती जनावरं आजारी, किती मेली, कधीपासून, नवीन जनावर कधी आणलं, लस कधी टोचली, हे सांगता आलं पाहिजे. रोग कळवणं ही नुसती चांगली सवय नाही. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलचा २००९ सालचा कायदा आहे, पीपीआर त्याच्या यादीत आहे. असा रोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे, आणि रोगी जनावर माहीत असून बाजारात नेणं हा त्या कायद्याचा भंग आहे.

दुसरं, वेगळं बांधणं. आजारी शेरडं घराच्या दुसऱ्या बाजूला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधा. त्यांची पाण्याची बादली वेगळी, पाटी वेगळी, दावं वेगळं. आधी निरोगी जनावरांचं सगळं काम उरका, मग आजाऱ्यांकडं जा. उलटं करू नका. नंतर हातपाय साबणानं धुवा, लुगडं-साडीचा ओचाही बदला. पोरांना आजारी करडं मांडीवर घेऊन इकडून तिकडं फिरू देऊ नका. सगळाच कळप घरी ठेवा, चारायला सोडू नका, गावच्या हौदावर नेऊ नका. तेवढे दिवस पाला तोडून आणावा लागेल. त्रास आहे, मला माहीत आहे.

तिसरं, सेवा. विषाणूला मारणारं औषध नाही. पण छाती भरते, तोंडात जखमा होतात, पोट बिघडतं, त्यात दुसरे जंतू शिरतात. त्यासाठी डॉक्टर प्रतिजैविक देतात, ताप उतरवायचं औषध देतात, सलाईन लावतात. वेळेवर झालं तर पुष्कळ शेरडं वाचतात. आपण घरी काय करायचं? उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं पाजा. पाजताना शेळीची मान फार वर करू नका, पाणी छातीत जातं. तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं हलक्या हातानं धुवा, वरून बोरोग्लिसरीन लावा. नाक-डोळे कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं जाळून टाका. कोवळा पाला, पातळ पेज द्या. मेडिकलमधून मनानं इंजेक्शन आणू नका. मी तेच केलं होतं.

चौथं, मेलेलं जनावर. ते ओढ्यात, रस्त्याकडेला, उकिरड्यावर टाकू नका. त्याचं मटण करून विकू नका, कातडीच्या मोहात पडू नका. खोल खड्डा खणा, वर-खाली चुना टाका आणि पुरा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. विमा काढला असेल तर पुरायच्या आधी विमा कंपनीला आणि डॉक्टरांना कळवा, शवविच्छेदन करून घ्या, कानातला बिल्ला जपून ठेवा. घाईनं पुरलं तर भरपाई हातची जाते. गोठ्यातला उरलेला चारा आणि लेंड्या जाळा, जमीन चुन्यानं किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा आणि चांगलं ऊन लागू द्या.

हे सगळं रोग आल्यावरचं. पण खरं काम रोग यायच्या आधीचं आहे, आणि ते म्हणजे लस.

पीपीआरची लस आपल्या देशातच तयार झाली आहे. तिच्या एका वाणाचं नाव सुंग्री, हिमाचल प्रदेशातल्या एका गावावरून पडलेलं. तिथल्या आजारी शेळ्यांमधून १९९६ साली हा विषाणू घेतला आणि आपल्या शास्त्रज्ञांनी त्याची लस केली. ही लस कातडीखाली टोचतात, एक मिलिलिटर. करडू तीन महिन्यांचं झालं की टोचता येते. एकदा टोचली की किमान तीन वर्षं संरक्षण मिळतं. तीन वर्षं, बायांनो. लाळ-खुरकुतीसारखी ती सारखी सारखी टोचावी लागत नाही.

सरकारच्या पीपीआर कार्यक्रमात ही लस टोचली जाते. तरी शेरडं सुटतात. का सुटतात, ते मी नोंदी करताना पाहिलं आहे. पथक येतं सकाळी दहाला आणि शेरडं गेलेली असतात माळावर. नाहीतर कुणी म्हणतं, लस टोचली की दूध कमी होतं, गाभ पडतो. लस टोचल्यावर एखाद-दुसरा दिवस थोडी कणकण येऊ शकते, तेवढंच. शेळी अगदी दिवसांत आली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते ठरवतील. धरताना-आपटताना तिला इजा होते, ती भीती खरी. आजारी, तापलेल्या जनावराला लस टोचायची नसते, हेही लक्षात ठेवा. म्हणूनच साथ आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

गटानं इथं काय करायचं? एका वहीत गावातली सगळी शेरडं लिहून काढा. घर, शेळ्या, बोकड, करडं, मागची लस कधी. तो आकडा दवाखान्यात द्या, म्हणजे ते तेवढी लस मागवतील. लसीकरणाच्या आधी दोन-तीन आठवडे सगळ्यांना जंताचं औषध पाजून घ्या. दिवस ठरला की आदल्या संध्याकाळी घरोघर सांगा, उद्या शेरडं सोडायची नाहीत. लस बर्फात ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात विरघळवली की थोड्याच वेळात संपवावी लागते. "माझी दुपारी आणते" असं चालत नाही. आणि दरवर्षी नवी करडं जन्मतात, त्यांच्या अंगात लस नसते. म्हणून वर्षातून एकदा तरी तीन महिन्यांवरच्या करडांसाठी डॉक्टरांना बोलवा.

हे सगळं करून रोग खरंच जातो का, असं कुणी विचारेल. जातो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, गाई-बैलांची बुळकांडी काय होती. गावंच्या गावं बिनबैलांची व्हायची. लस टोचून टोचून तो रोग आपण घालवला. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली साऱ्या जगातून ती गेल्याचं जाहीर झालं. आता पीपीआर २०३० पर्यंत घालवायचा, असं जगातल्या देशांनी ठरवलं आहे. गाई-बैलांची बुळकांडी गेली, तशी शेळ्यांचीही जाईल. मात्र शेळ्यांची दावण बहुतेक घरांत बाईच्या हातात असते, त्यामुळं हे काम आपल्याशिवाय होणार नाही.

आता बाजाराचं बोलू. शेळी घेताना हात लावून बघा. नाकपुडी ओली-चिकट आहे का, पापण्यांना चिपडं आहेत का, शेपटीखाली हगवण वाळलेली आहे का. ओठ उलटून हिरड्या बघा, तोंडाचा वास घ्या. नाक नुकतंच पुसल्यासारखं वाटलं तर थोडा वेळ तिथंच उभ्या राहा, दहा मिनिटांत ते परत गळतं. लस टोचली आहे का, विचारा. आणि कितीही चांगली दिसली तरी नवी शेळी २१ दिवस वेगळी बांधा. वेगळं दावं, वेगळं पाणी. जागा नसेल तर आवाराच्या दुसऱ्या टोकाला बांधा, पण नाकाला नाक लागू देऊ नका. बाजारातून न विकता परत आणलेल्या शेरडालाही हाच नियम.

आता त्या दोन शेळ्यांचं सांगते.

दोन वर्षांनी मी पशुसखीच्या प्रशिक्षणाला गेले. तिथं पीपीआर शिकवताना ताईंनी विचारलं, कुणाच्या घरी हा रोग येऊन गेला आहे? माझ्याआधी एक बाई उठली. दुसऱ्या गावची, माझ्याहून थोरली. ती म्हणाली, गुरुवारच्या बाजारात दोन शेळ्या घेतल्या होत्या, त्यांच्यामागं माझी घरची सहा शेरडं गेली. त्यातल्या एकीचा उजवा कान फाटलेला होता. माझ्या शेळीचा कान करडू असताना कुत्र्यानं फाडला होता. मी हात वर केला नाही. त्या दिवशी मी काहीच बोलले नाही.

पुढं वर्षभरानं मी तिच्या घरी गेले. ती सूप घेऊन जोंधळा पाखडत होती. मी सगळं सांगितलं, नाक पुसल्याचंसुद्धा. ती पाखडत राहिली. मग म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर मी त्या घेतल्या नसत्या. तुझा हप्ता चुकला असता. माझी सहा शेरडं राहिली असती." मी पैसे देऊ केले. ते तिनं घेतले, एकदम नाही, चार वेळा मिळून. मला ते बरं वाटलं.

त्यानंतर मी आमच्या गटात एक विषय मांडला, आणि आज तो तुमच्यापुढं मांडते. मी ती शेळी विकली ती दुष्टपणानं नाही, हप्त्यासाठी विकली. हे निमित्त नाही, पण कारण तेच होतं. आजारी शेरडू बाजारात जातं ते पुष्कळदा असंच जातं. हप्ता, पोरांची फी, दवाखान्याचं बिल. म्हणून आमच्या गटानं ठराव केला आहे. ज्या बाईच्या दावणीला रोग आला आणि तिनं तो पहिल्या दिवशी गटाला आणि डॉक्टरांना कळवला, तिचा हप्ता दोन महिने पुढं ढकलायचा, वर दंड लावायचा नाही. आणि तिनं त्या काळात एकही शेरडू विकायचं नाही. तिच्या निरोगी शेरडांना पाला तोडून आणायला आळीपाळीनं दोघींनी जायचं. गटाकडं बँकेचं कर्ज असेल तर आधी बँकेशी बोलून ठेवा, म्हणजे ऐनवेळी अडचण नको.

या ठरावाची गरज आजवर एकदाच पडली. गेल्या हिवाळ्यात एका काकूंच्या करडाचं नाक गळायला लागलं. त्यांनी रात्री नऊ वाजता येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांची तीन करडं गेली. पण काकूंच्या मोठ्या शेळ्यांना लस होती, त्यांना काही झालं नाही. शेजारच्या घरांतही रोग गेला नाही. काकूंनी हप्ता तिसऱ्या महिन्यात भरला.

तर बैठकीत बसलेल्या बायांनी आज तीन कामं करून उठायचं. १९६२ हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. गावातली शेरडं मोजायला दोघींची नावं ठरवायची. आणि हप्त्याच्या ठरावावर बोलायचं. पटला तर करा, नाही पटला तर तुमच्या पद्धतीनं काही वेगळं ठरवा. पण काहीतरी ठरवा.

आता चुलीवरचं आधण बघा, उतू गेलं असेल. पुढच्या वेळी पावसाळ्याआधीच्या लसी आणि जंताच्या औषधाबद्दल बोलू. नमस्कार.